चिंचोक्यांचा कौल

चिठ्ठी उलगडली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मुळीक सरांच्या ठसठशीत अक्षरात तिच्यावर तीनच शब्द होते : फिर्यादी, नगराचा वकील.

"कुणाला आली?" फळा पुसता पुसता सरांनी विचारलं.

मी हात वर केला. वर्गातल्या बाकीच्या अकरा जणांनी हुश्श केलं. कुणाला बोलायचं नव्हतं, सगळ्यांना टाळ्या वाजवायला मागचा बाक हवा होता. सरांचा हात मात्र फळ्यावर तसाच थांबला. त्या चिठ्ठीत माझं काय अडकलंय ते त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं, त्यांना आणि मला.

ही चौऱ्याऐंशी सालची फेब्रुवारीतली गोष्ट. खानवडे हे आमचं तालुक्याचं गाव. एक बाजारपेठ, एक एसटी स्टँड, माळावर चार खोल्यांचं नवं कॉलेज आणि डोंगराच्या कड्याखाली कडजाईचं देऊळ. त्या देवळाचे गुरव म्हणजे माझे आप्पा. मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि तत्त्वज्ञान हा विषय घेतला होता. गुरवाच्या पोरीनं हा विषय घेतला म्हणून गावात कौतुक होतं. विषय नक्की काय आहे ते कुणालाच माहीत नसल्यामुळे कौतुक टिकून होतं.

मुळीक सर आम्हाला पहिल्या वर्षी तर्कशास्त्र शिकवत आणि शेवटच्या वर्षी 'पाश्चात्त्य राजकीय विचार' नावाचा भला दांडगा पेपर. शिकवताना त्यांच्या अंगात यायचं. खडूचे तुकडे उडायचे, सदऱ्याची बाही पांढरी व्हायची. ते म्हणायचे, हा पेपर पाठ करू नका, हे एक भांडण आहे ते ऐका. अडीच हजार वर्षं चाललंय. एका बाजूला देवळातला माणूस, दुसऱ्या बाजूला प्रश्न विचारणारा माणूस, आणि मधे राज्याची खुर्ची. कधी देवळानं खुर्ची बळकावली, कधी खुर्चीनं देऊळ खिशात घातलं. पण प्रश्न विचारणारा दोघांनाही नकोसाच राहिला. आणि गंमत अशी की त्याच्यावाचून दोघांचंही भागलं नाही. हे ऐकताना माझ्या हातावर काटा यायचा. घरी देवळातला माणूस, कॉलेजात प्रश्न विचारणारा माणूस, आणि मधे मी. पेपर माझ्यावरच काढला होता म्हणा ना.

त्या वर्षी सरांनी अभिरूप न्यायालय करायचं ठरवलं. लुटूपुटूचा खटला, पण खऱ्या पंचांपुढे. खटला जुनाच होता : अथेन्स नावाच्या नगरातला एक म्हातारा, नगराचे देव मानत नाही आणि तरुण पोरं बिघडवतो असा त्याच्यावर आरोप. सरांची अट एकच होती, म्हाताऱ्याचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की लोक हात जोडतात आणि डोकं चालवायचं बंद करतात, असं त्यांचं म्हणणं. आरोपी सर स्वतः होणार होते. पंच म्हणून गावातली एक्कावन्न माणसं, त्यात एकवीस बायका. अथेन्सनं बायकांना बसवलं नव्हतं, ती चूक आपण कशाला करायची, असं ते म्हणाले. प्रत्येक पंचाला दोन चिंचोके मिळायचे. अख्खा म्हणजे निर्दोष, फुटका म्हणजे दोषी. एक मडक्यात टाकायचा, खटला संपला.

आता माझं काय अडकलं होतं ते सांगते.

चिठ्ठ्या निघायच्या आठ दिवस आधी सर आमच्या घरी आले होते. मला एम. ए.ला कोल्हापूरला पाठवा, असं सांगायला. आप्पा शेजारच्या देवळाच्या पायरीवर समया घासत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, मिरजेचं स्थळ आलंय, मुलगा रेल्वेत आहे, मंडळी चांगली आहेत. आणि दुसरं असं की, हे तुमचं शास्त्र शिकून पोर देवीला पाठ दाखवील याची मला धास्ती वाटते.

सर हसले नाहीत. ते म्हणाले, आप्पा, तुमची धास्ती खरी आहे. जगात फार मोठ्या लोकांना ती वाटलेली आहे. तुम्ही आमच्या खटल्यात पंच म्हणून या आणि तुमच्याच डोळ्यांनी बघा.

आप्पांनी समई खाली ठेवली. आप्पांची ही सवयच होती, काही बोलायचं तर आधी मनात दोनदा घोळवायचं. मग एकेक शब्द सुटा ठेवत म्हणाले, "गावाचा कौल उजवा पडला, म्हातारा सुटला, तर पोर कोल्हापूरला धाडीन. कडजाईच्या पायरीवर बसून बोलतोय."

सर उठले ते हवेतच चालत गेले. मी चुलीपाशी जाऊन आईला मिठी मारली. गावातले पंच, तोंड भरून बोलणारे सर, आणि समोर वकील म्हणून आमच्या वर्गातला एखादा ततपप करणारा गडी. म्हातारा सुटल्यातच जमा होता.

आणि आता चिठ्ठी माझ्या हातात होती.

तास संपल्यावर मी सरांच्या टेबलाशी गेले. म्हटलं, सर, दुसऱ्या कुणाला तरी उभं करा. ते म्हणाले, करतो, आत्ता करतो. मी वळले. तेवढ्यात ते मागून म्हणाले, "मालन, एक मात्र सांग. आपल्याला सोयीचं नाही म्हणून खरं बोलायचं टाळायचं असेल, तर कोल्हापूरला जाऊन तू शिकणार तरी काय?"

मला असा राग आला म्हणता. हा माणूस मला शाळा शिकवतोय आणि माझंच भविष्य मडक्यात घालतोय. मी म्हटलं, मीच उभी राहते. पण मग रडू नका. ते म्हणाले, रडायला कडुलिंबाचा रस आहेच. म्हातारा दोषी ठरला तर विषाच्या पेल्याऐवजी त्यांनी पेलाभर कडुलिंबाचा रस प्यायचा, असं ठरलं होतं.

दोन आठवडे मी झपाटल्यासारखी होते. आधी मी ढिसाळ बोलायचं ठरवलं होतं, हे कबूल करते. चार मुद्दे मांडायचे, दोन विसरायचे, खाली बसायचं. पण तयारी करायला बसले आणि माझंच डोकं मला ऐकेना. सरांच्या टिपणात लिहिलं होतं, 'नगराच्या देवता न मानणे.' मी ते चार वेळा मोठ्यानं वाचलं. नगराच्या देवता. अहो, म्हणजे ग्रामदैवत! अडीच हजार वर्षांपूर्वीचं ते अथेन्स एकदम आमच्या वेशीवर येऊन उभं राहिलं. कडजाई तिथे, भंडारा तिथे, यात्रा तिथे. मी वही मिटली आणि ओट्यावर येरझाऱ्या घालत बोलायलाच लागले. आई म्हणाली, पोरीला वारं लागलं.

आप्पा रोज समया घासता घासता ऐकायचे.

खटल्याच्या दिवशी चार वाजता कॉलेजचं पटांगण भरून गेलं. व्यासपीठावर आमच्या गावचे सबनीस वकील न्यायाधीश म्हणून बसले होते, खरा काळा कोट घालून. खोकल्याची उबळ आली की ते हातोडा आपटायचे, म्हणजे लोकांना वाटायचं काहीतरी निकाल लागला. सर पांढरं धोतर खांद्यावरून गुंडाळून आले, अनवाणी. त्यांचे केसाळ पाय बघून पोरं हसली. एक्कावन्न पंच तीन रांगांत बसले होते. पहिल्या रांगेच्या टोकाला आप्पा. डोक्याला धुतलेला पटका, दोन्ही हात गुडघ्यांवर.

मी उभी राहिले. वही मिटून खाली ठेवली.

मी म्हटलं, अथेन्स लांब आहे, ते सोडा. आपल्या वेशीतून आत या. आपल्या गावात दोन भावांचं बांधावरून भांडण झालं तर निवाडा कुठे होतो? कडजाईपुढे. बेलभंडार उचलून जो बोलतो त्याचं आपण मानतो. कागद नाही, साक्षीदार नाही, तरी मानतो. का? कारण उचलणारा तिला मानतो आणि बघणारेही तिला मानतात. गाव म्हणजे घरं नाहीत, रस्ते नाहीत. गाव म्हणजे तो बेलभंडार. आता एक माणूस येतो, सज्जन माणूस, चोरी नाही, चहाडी नाही. चावडीवर बसून पोरांना विचारतो, देवी खरी कशावरून? पवित्र म्हणजे काय? पोरांना मजा वाटते. पण उद्या त्यातलाच एखादा बेलभंडार उचलील तेव्हा त्याच्या हाताला कापरं भरणार नाही. "पंचहो," मी म्हटलं, "या म्हाताऱ्यानं देव मोडला असं मी म्हणतच नाही. त्यानं शपथ मोडली. देवाचं देव बघून घेईल, शपथेशिवाय गावानं काय करायचं?"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की सबनीस वकिलांना खोकला नसताना हातोडा आपटावा लागला. दुसऱ्या रांगेतले गिरणीवाले तातोबा फुटका चिंचोका उंच धरून सगळ्यांना दाखवू लागले. मला काय झालं होतं सांगू? मी कोल्हापूर विसरले होते. मिरजेचा रेल्वेवाला विसरले होते. इतकी माणसं माझ्या शब्दांवर हलताहेत हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते आणि मला ते सुटू नये असं वाटत होतं.

मग सर उठले. त्यांना वाटलं असणार, पोरगी चार मुद्दे बोलेल. त्यांनी घाम पुसला आणि आपला ठेवणीतला डाव काढला. पण त्यांनाही वारं लागलं असावं. टिपणातला 'देववाणी' हा शब्द त्यांनी टाकून दिला आणि माझ्या बापाकडे बघत सरळ म्हणाले, "माझ्याबद्दल देवाचा कौल झाला होता."

पंचांच्या तिन्ही रांगा एकदम पुढे सरकल्या.

कौल म्हणजे काय ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. देवीच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या ओल्या पाकळ्या लावायच्या, प्रश्न घालायचा आणि वाट बघायची. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सोयरीक, विहीर, पेरणी, काहीही असो. सर सांगत गेले. माझा एक मित्र लांबच्या मोठ्या देवस्थानी गेला, त्यानं कौल लावला, या म्हाताऱ्याहून शहाणा कुणी आहे का. कौल आला, नाही. मी चक्रावलो. मला तर काही येत नाही. मग देव असं का म्हणाला? म्हणून मी गावातल्या एकेका शहाण्याकडे गेलो आणि प्रश्न विचारू लागलो. देवाच्या शब्दाचा अर्थ लावायला मी आयुष्य घालवलं, आणि तुम्ही म्हणता मी देव मानत नाही?

बायकांच्या रांगेत चुकचुक झाली. एक म्हातारी पदर डोळ्यांना लावू लागली. तातोबांनी फुटका चिंचोका हळूच मुठीत घेतला. पारडं फिरलं होतं, मला दिसत होतं. मी आता नुसती गप्प बसले असते तरी म्हातारा सुटला असता, आणि मीही.

पण सरांनी हा डाव चुकीच्या घरात टाकला होता. मी गुरवाची लेक. माझ्या वयाच्या पोरी सागरगोटे खेळत होत्या तेव्हा मी आप्पांच्या मांडीला टेकून लोकांचे प्रश्न ऐकत होते. कुणी म्हणायचा, आई, पोराचं लगीन होईल का? आप्पा त्याला थांबवायचे. कवा? ह्या साली का कवातरी? नीट इचार, आई इचारल्याचंच उत्तर देती, न इचारल्याचं न्हाई.

मी उभी राहिले. सरांना विचारलं, कौल तुम्ही लावला का तुमच्या मित्रानं? ते म्हणाले, मित्रानं. प्रश्न काय घातला, शब्दाला शब्द सांगा. ते म्हणाले, याच्याहून शहाणा कुणी आहे का? उत्तर काय? नाही.

"म्हणजे देव तुम्हाला शहाणा म्हणाला नाही," मी म्हटलं. "तुमच्याहून शहाणा कुणी नाही, एवढंच म्हणाला. सगळेच सारखे येडे असले तरी उत्तर हेच येतंय. आमच्या देवळात असा प्रश्न कुणी घातला असता तर गुरवानं त्याला परत पायरीवर बसवला असता."

काय हसले लोक! सबनीस वकील हसता हसता खोकले आणि खोकता खोकता हातोडा त्यांच्या हातातून खाली पडला. मी चोरून आप्पांकडे पाहिलं. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं आणि लगेच थांबलं.

सर मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. हशा ओसरू दिला आणि शांतपणे म्हणाले, "वकीलबाईंनी माझंच काम केलं. सगळेच सारखे अडाणी, हेच तर देवाला सांगायचं होतं. माझ्यात न् तुमच्यात फरक एवढाच, की मला ते कळलंय."

पुन्हा चुकचुक. सबनिसांनी मला शेवटचं मिनिट दिलं. मला आजही ते मिनिट लख्ख आठवतं. माझ्याकडे एक प्रश्न उरला होता. तो मला ओट्यावर येरझाऱ्या घालताना सापडला होता, आणि त्याचं उत्तर मला स्वतःलाही माहीत नव्हतं. तो गिळला असता तर कुणाला कळलं नसतं. सर माझ्याकडे बघत होते. आप्पा जमिनीकडे.

मी म्हटलं, "मान्य. हा एक म्हातारा खरा आहे, देवाला भिणारा आहे. पण उद्या सगळं गाव प्रश्न विचारायला लागलं आणि उत्तर कुणाकडेच नसलं, तर परवा बेलभंडार उचलून खरं कोण बोलेल? आरोपीनं याचं उत्तर द्यावं, मी माझी फिर्याद मागे घेते."

सरांनी तोंड उघडलं. मग हात जोडून खाली बसले. उत्तर त्यांनाही माहीत नव्हतं, आणि नसलेलं उत्तर ठोकून द्यायला त्यांची जीभ वळली नाही. दोघंही एकमेकांच्या तोडीचे हट्टी.

चिंचोके टाकायला रांग लागली. सबनीस वकिलांनी मडकं पालथं केलं आणि मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. अख्खे एका बाजूला, फुटके एका बाजूला. अख्खे पंचवीस. फुटके पंचवीस.

"एक कमी आहे," सबनीस म्हणाले. "कुणाचा राहिला?"

आप्पा उठून उभे राहिले. दोन्ही मुठी मिटलेल्या.

"माझा ऱ्हायलाय वकीलसाहेब. घरचं हित गुतलेलं असलं की गुरवानं कौल लावायचा नसतोय. शेजारच्या गावचा गुरव बोलवायचा, आशी आमची चाल हाय."

सबनीस म्हणाले, चाल बरोबर आहे, पण हे न्यायालय आहे. एक्कावन्नावा पंच मत देईपर्यंत निकाल लागणार नाही आणि मी उठणार नाही. लोक ओरडू लागले, टाका आप्पा, टाका. आई मागे बघ्यांच्या गर्दीत उठून उभी राहिली. आप्पा एकेक पायरी चढून वर आले. मडक्यापाशी थांबले. देवळाच्या पायरीवरचा त्यांचा शब्द मला आठवत होता, तसा तो त्यांनाही आठवत असणार. अख्खा टाकला की मी कोल्हापूरला.

त्यांनी उजवी मूठ मडक्यावर नेली आणि उघडली. तळाशी टक् असा आवाज झाला. सबनिसांनी हात घालून चिंचोका काढला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

फुटका.

गाव माझ्या नावानं ओरडलं. पोरींनी मला उचललं. मी जिंकले होते, माझ्या बापाच्या मतानं जिंकले होते, आणि मला गर्व वाटत होता, आणि कोल्हापूर गेलं होतं, दोन्ही एकाच वेळी. सरांनी भरला पेला उचलला, पंचांना नमस्कार केला आणि कडुलिंबाचा रस एका दमात घशाखाली ओतला. त्यांचं तोंड असं झालं की म्हातारीही पदरातून हसली. आप्पा डावी मूठ तशीच मिटलेली ठेवून खाली उतरले.

गर्दी पांगली तेव्हा ऊन कलतीला आलं होतं. आप्पा कॉलेजच्या पायरीवर बसून वहाणा घालत होते. सर धोतर सावरत, थुंकत थुंकत आमच्याकडे आले. बोलताना त्यांची जीभ अजून अडखळत होती.

"आप्पा, निकाल मला मान्य आहे. पण पदर पसरून मागतो. शब्द परत घ्या."

"कुठला शब्द?"

"पायरीवर दिलेला."

"काय बोललो हुतो मी? सांगा बरं, शब्दाला शब्द."

सरांनी आठवून सांगितलं. "गावाचा कौल उजवा पडला, म्हातारा सुटला, तर पोर कोल्हापूरला धाडीन."

"आनि न्हाई सुटला तर?"

मी सरांकडे पाहिलं, सरांनी माझ्याकडे पाहिलं. आणि आमच्या दोघांच्या डोक्यात एकाच क्षणी पहिल्या वर्षाचं तर्कशास्त्राचं पुस्तक धाडकन उघडलं. पाऊस पडला तर अंगण भिजेल. पाऊस पडला नाही, म्हणून अंगण भिजलं नाही असं म्हणता येत नाही, कुणी पाणी शिंपलं असेल. ही चूक सरांनी आम्हाला वर्गात दहा वेळा लिहायला लावली होती. आणि तीच चूक ते तीन आठवडे उराशी घेऊन हिंडत होते, त्यांच्या मागोमाग मी.

"न सुटल्यावर काय, त्ये मी बोललोच न्हाई," आप्पा म्हणाले. "तुमी इचारलंबी न्हाई. जे बोललो न्हाई ते तुमी दोघांनी ऐकलं."

सर पायरीवर मटकन बसले आणि हसायला लागले. कडू तोंडानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मला मात्र हसू येईना. मी विचारलं, आप्पा, मग फुटका का टाकलात?

आप्पांनी वहाणेचा अंगठा नीट केला.

"तू शेवटी इचारलंस त्याचं उत्तर मला सापडंना. मास्तरास्नीबी सापडलं न्हाई. उत्तर नसताना अख्खा टाकला असता तर त्यो तुझ्यासाठी टाकला असता. देवीपुढं खोटा कौल मी कवा लावला न्हाई, हितं कसा लावू?" मग सरांकडे वळून म्हणाले, "पर आसला प्रश्न घालनारी पोरगी चुलीपुढं बसवली तर उत्तर हुडकायचं कुनी? जाऊ दे तिला."

घरी जाताना आई पुढे चालत होती. मी आप्पांच्या बाजूनं चालले होते आणि माझे पाय जमिनीला लागत नव्हते. देवळाच्या वळणावर मी विचारलं, आप्पा, मी मुद्दाम हरले असते तर?

"तर म्हातारा सुटला आसता. मला शब्द पाळावा लागला आसता. धाडली आसती तुला."

"मग दोन्हीकडून सारखंच की."

"सारखं कसं? स्टँडवर पोचवायला मी आलो नसतो."

जूनमध्ये आप्पा स्टँडवर आले. माझी ट्रंक त्यांनी स्वतः टपावर चढवून दिली, कंडक्टरला मला पुढची जागा द्यायला सांगितलं, आणि एसटीला धक्का बसून ती सुरू झाल्यावर खिडकीशी आले. त्यांनी माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलं आणि माझी बोटं मिटवली. त्या दिवशी मिटलेल्या मुठीत राहिलेला अख्खा चिंचोका होता तो.

"उत्तर सापडलं की येऊन टाक," ते म्हणाले. "मडकं मी ठेवलंय."

पुढे मी तोच पेपर तेहतीस वर्षं शिकवला. देवळाच्या बाजूनं बोलले, प्रश्नाच्या बाजूनं बोलले, खुर्चीलाही अधूनमधून फटकारलं. आप्पांना जाऊन आता अठरा वर्षं झाली. मडकं आमच्या देवळाच्या कोनाड्यात अजून आहे, आणि दर वर्षी यात्रेला गेले की मी चिंचोका बरोबर नेते. पायरीवर बसते, प्रश्न शब्दाला शब्द मनात घालते, आणि तो तसाच परत घेऊन येते.